सहाव्या आठवड्यावर संपणारी तपासणी आणि तिथून सुरू होणारे मैदान

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या नागपूर पुरवणीत गेल्या रविवारी एका तरुण आईचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. बाळ दहा आठवड्यांचे असताना तिने दहा किलोमीटरची दौड पूर्ण केली, याचे कौतुक त्याखालच्या मजकुरात होते आणि वर ‘दहा आठवड्यांत पूर्ववत’ असे ठळक शीर्षक होते. त्या ताईंच्या जिद्दीविषयी मला आदरच आहे आणि त्यांच्या प्रकृतीविषयी काही बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु ते छायाचित्र दिवसभरात मला चार जणींनी मोबाइलवर पाठवले, त्यांपैकी दोघी नुकत्याच बाळंत झालेल्या आहेत आणि एकीने खाली ‘मॅडम, मी कधी सुरू करू?’ असे विचारले आहे. तिला द्यायचे उत्तर मोबाइलवरच्या दोन ओळींत मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र.

मी शहरातील एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. महाविद्यालयात असताना विद्यापीठाकडून आठशे मीटर धावत असे, आणि लग्नानंतरही आठवड्यातून चार दिवस रविनगरच्या मैदानावर जाण्याचा नेम मी सोडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, शस्त्रक्रियेने, मला मुलगी झाली. सहाव्या आठवड्यात ज्या खासगी रुग्णालयात प्रसूती झाली तिथे तपासणीला गेले. टाके पाहिले गेले, रक्तदाब मोजला गेला, बाळाचे वजन लिहिले गेले आणि ‘सगळे छान आहे, आता हळूहळू सगळे सुरू करा’ असे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले गेले. या ‘सगळे’ मध्ये पोळ्या लाटणे, दुचाकी चालवणे आणि आठशे मीटर धावणे ही तिन्ही कामे येतात का, हे मी विचारले नाही आणि त्यांनाही ते सांगण्याची गरज वाटली नाही. खेळाडूच्या कानाला त्या वाक्यातले ‘हळूहळू’ ऐकू येत नाही, ‘सुरू करा’ तेवढे ऐकू येते. आठव्या आठवड्यात, मार्चच्या अखेरीस, मी बूट बांधून मैदानावर उतरले. छाती भरून येईल, पोटऱ्या दुखतील, याची तयारी होती. तसे काहीच झाले नाही. पहिले दोनशे मीटर संपायच्या आत मला लघवी सुटली. कमरेला जॅकेट बांधून घरी आले आणि पुढचे दोन आठवडे याविषयी नवऱ्याजवळदेखील अवाक्षर काढले नाही.

हे वर्तमानपत्रात लिहिण्यासारखे आहे का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मलाही पडला होता. पण प्रसूत झालेल्या साधारण तीन स्त्रियांमागे एकीला हा त्रास होतो, आणि तरीही आमच्या शिक्षक खोलीत, जिथे गुडघेदुखीपासून मुळव्याधीपर्यंत सर्व विषयांवर मोकळेपणाने चर्चा होते, तिथे हा शब्द मी नोकरीच्या अकरा वर्षांत एकदाही ऐकलेला नाही. बोलले जात नाही म्हणून विचारले जात नाही, आणि विचारले जात नाही म्हणून ज्या गोष्टीवर उपाय आहे तीच गोष्ट ‘बाईच्या जातीला हे असतेच’ या सदरात जमा होते.

उपाय काय आहे हे सांगण्याआधी बिघाड काय असतो ते सांगते, कारण मला ते कोणी सांगितले असते तर मार्चमधली ती सकाळ टळली असती. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. फिजिओथेरपीत त्यांना पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देण्याचे आणि लघवी व शौच अडवून धरण्याचे काम तीच झोळी करते. नऊ महिने वाढत जाणारे वजन ती पेलते, नैसर्गिक प्रसूतीत बाळाचे डोके बाहेर येताना ती कल्पनेपलीकडे ताणली जाते, आणि तिचे सावरणे सहा आठवड्यांत आटोपत नाही, ते सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत चालू राहते. माझी शस्त्रक्रिया झाली, म्हणजे ही झोळी शाबूत राहिली, असा माझा समज होता. पण गर्भारपणाचा भार तिने वाहिलेलाच असतो, आणि शस्त्रक्रियेत त्यावर आणखी एक जखम वाढते. वरच्या त्वचेचे टाके दिसतात म्हणून आपण तेवढेच पाहतो. खरे बळ त्वचेखालच्या, स्नायूंवरच्या पांढऱ्या चिवट आवरणात असते, आणि सहाव्या आठवड्यात त्या आवरणाची ताकद मूळच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास परतलेली असते. सहा-सात महिन्यांनी ती पाऊण हिश्शाच्या पुढे जाते. याशिवाय पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर-खाली, दोन्ही बाजूंचे उभे स्नायू गर्भारपणात एकमेकांपासून दूर सरकतात आणि ती फट अनेकींमध्ये बाळंतपणानंतरही काही महिने उघडी राहते. आता या शरीराला धावायला लावा. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच पट भार जमिनीकडून उलटून वर येतो आणि एका किलोमीटरमध्ये अशी सुमारे हजार पावले पडतात. मन कितीही खंबीर असले तरी तो भार मनावर येत नाही.

एका जुन्या सहखेळाडूच्या आग्रहामुळे एप्रिलमध्ये मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला उताणे झोपवून डोके थोडे उचलायला सांगितले आणि पोटाच्या मध्यरेषेत बोटे ठेवून फट मोजली. अडीच बोटे होती. मग त्या झोळीचे स्नायू, म्हणजे आधारस्नायू, आवळून दाखवायला सांगितले. मी पूर्ण जोर लावून दाखवला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही वर ओढत नाही आहात, खाली ढकलता आहात.’ विद्यापीठाचे पदक मिळवलेल्या, मुलांना वर्षानुवर्षे शरीररचना शिकवणाऱ्या बाईला स्वतःचा एक स्नायू कोणत्या दिशेला हलतो हे माहीत नव्हते! पुढे समजले की हा घोळ अनेकींचा होतो, आणि म्हणूनच हा व्यायाम नुसता वाचून किंवा व्हिडिओ पाहून करण्यात अर्थ नाही. एकदा तरी कोणीतरी तपासून सांगावे लागते. या व्यायामांना ज्यांचे नाव आहे त्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी ते १९४८ मध्ये वैद्यकीय जगापुढे मांडले. त्याच वर्षी लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कून यांनी, तिशीच्या वयात आणि दोन मुलांची आई असताना, चार सुवर्णपदके मिळवली होती. म्हणजे आई धावू शकते हेही जगाला तेव्हापासून ठाऊक आहे आणि तिने धावण्याआधी काय करावे हेही. हे दुसरे ज्ञान तेवढे नागपूरच्या प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचायचे आहे.

‘कधी सुरू करू?’ या प्रश्नाचे आज उपलब्ध असलेले बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर ब्रिटनमधील तीन फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शिकेत आहे. त्यांचे म्हणणे असे की बाळंतपणानंतर पहिले तीन महिने धावू नये, तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरुवात करावी, आणि तीही तारीख उलटली म्हणून नव्हे, तर शरीराने परीक्षा दिल्यावर. परीक्षा साधी आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. तीस मिनिटे भरभर चालता आले पाहिजे. एका पायावर दहा सेकंद स्थिर उभे राहता आले पाहिजे. एका पायावर दहा बैठका, जागच्या जागी एक मिनिट धावणे, प्रत्येक पायावर दहा-दहा उड्या, हे सर्व न दुखता, ओटीपोटात जडपणा न वाटता आणि लघवी न सुटता जमले पाहिजे. पोटरी, मांडी आणि नितंब यांची ताकद वेगळी पाहतात. उदाहरणार्थ, एका पायाच्या चवड्यावर वीस वेळा वर उठता येते का. एप्रिलमध्ये मी सात वेळा उठू शकले. खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटणे, रक्तस्राव पुन्हा वाढणे, टाक्यांच्या जागी ओढ बसणे ही मागे फिरण्याची लक्षणे आहेत. आणि एका पोटरीत दुखून सूज येणे किंवा एकाएकी धाप लागणे हे तर ताबडतोब रुग्णालय गाठण्याचे लक्षण आहे, कारण बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सर्वाधिक असतो. सेरेना विल्यम्स यांना सप्टेंबर २०१७ मध्ये शस्त्रक्रियेने मुलगी झाल्यानंतर फुप्फुसात अशाच गुठळ्या झाल्या होत्या.

याचा अर्थ तीन महिने खाटेवर पडून राहावे असा मुळीच नाही, आणि हे मी ठासून लिहिते, कारण आमच्याकडे एकतर दहा आठवड्यांत दहा किलोमीटर, नाहीतर वर्षभर ‘जड उचलू नको, वाकू नको’ अशी दोनच टोके आहेत. प्रसूती सुरळीत झाली असेल तर श्वासाचे व्यायाम आणि आधारस्नायूंचे हलके आवळणे पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येते, घरातल्या घरात चालणेही. कॅनडाच्या तज्ज्ञांनी २०२५ मध्ये बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षासाठी जी शिफारस प्रसिद्ध केली, तिच्यात आठवड्याला किमान १२० मिनिटांचा मध्यम ते जोरकस व्यायाम, चार किंवा अधिक दिवसांत विभागून, आणि आधारस्नायूंचा व्यायाम मात्र रोज, असे सांगितले आहे. थोडक्यात, बूट पहिल्या महिन्यातही घालावेत, फक्त चालण्यासाठी.

माझ्या बाबतीत तीन महिने पूर्ण झाले ते एप्रिलच्या अखेरीस, आणि नागपूरकरांना पुढचे सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे, सकाळी सातलाच डांबर तापलेले, त्यात अंगावर पाजणारी बाई. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत पावसाचा आणि थंडीचा विचार असेल. नवतपा तिच्या लेखकांनी पाहिलेला नाही. पहाटे पाचला बाळाला पाजून, सासूबाईंच्या कुशीत देऊन, सेमिनरी हिल्सच्या रस्त्याने अर्धा तास चालायचे आणि सहाच्या आत घरी यायचे, असे मे आणि निम्मा जून गेले. रात्री तीनदा उठलेल्या शरीराला पहाटे पाचला उभे करणे हे आठशे मीटरच्या शेवटच्या दीडशे मीटरपेक्षा अवघड असते, आणि त्यासाठी कोणतीही मार्गदर्शिका नाही. अनेकदा मी उठलेच नाही. झोप हाही तयारीचा भाग आहे हे मुलांना शिकवणे वेगळे आणि स्वतःला पटवणे वेगळे. पहिला पाऊस पडल्यावर, मुलगी पाच महिन्यांची असताना, एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे सुरू केले. सलग आठशे मीटर त्या दिवाळीत धावले, घड्याळ न लावता.

जुलैअखेर सहा महिन्यांची रजा संपवून शाळेत रुजू झाले, तेव्हा आणखी एक गंमत कळली. क्रीडाशिक्षिकेची शिट्टी! पटांगणाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांना ऐकू जावी म्हणून शिट्टी जोरात फुंकली की पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो सरळ खालच्या झोळीवर येतो. शिंकताना, खोकताना, पाण्याचा ड्रम उचलतानाही तेच होते, पण शिंक दिवसातून दोनदा येते आणि शिट्टी तीस वेळा वाजवावी लागते. फुंकण्याआधी आधारस्नायू वर ओढून घ्यायची सवय लावून घेतली तेव्हा कुठे ते सुटले. तालुका आणि जिल्हा स्तरावरील शालेय स्पर्धांचे दिवस नेमके याच सुमारास सुरू होतात. माझ्याकडून दिवसभर मैदानावर उभे राहण्याची, लांब उडी करून दाखवण्याची अपेक्षा होती, आणि ती चूक होती असेही मी म्हणणार नाही, कारण माझ्या हातात ‘प्रकृती ठीक’ असा कागद होता.

घरच्या वडीलधाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण अशा पत्रांमध्ये सासू आणि आजी यांना अडाणीपणाच्या खात्यात टाकण्याची पद्धत आहे. माझी धावण्याची घाई पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘कायची घाई होऊन राह्यली वं तुले? मैदान काही पळून नाही चाललं.’ त्या वेळी मला राग आला होता. आज वाटते, रुग्णालयाच्या त्या तीन मिनिटांपेक्षा हा सल्ला शास्त्राच्या अधिक जवळ होता. सव्वा महिना बाळंतिणीला चुलीपासून, ओझ्यापासून आणि पाहुण्यांपासून दूर ठेवण्याची रीत, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी या सगळ्यांत एक समज आहे. अळिवात लोह भरपूर असते, आणि देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाचवी फेरी सांगते, तेव्हा ती वाटी बिनकामाची नाही. माझे हिमोग्लोबिन प्रसूतीनंतर नऊच्या आसपास होते. ते वर आल्याशिवाय दम वाढणार नव्हता, मग सराव कितीही केला असता तरी. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० उष्मांक अधिक लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मानक आहे. त्यावर धावण्याचा खर्च वेगळा. म्हणून ‘वजन उतरलं का?’ या प्रश्नाला भिऊन लाडू बंद करणाऱ्या मुलींना मी सांगते की आधी लाडू, मग मैदान. व्यायामाने दूध आटते ही समजूत मात्र सोडून द्यावी. पोटभर खाणाऱ्या, पुरेसे पाणी पिणाऱ्या आईच्या मध्यम व्यायामाने दूधही कमी होत नाही आणि बाळाची वाढही अडत नाही. तसेच पोट घट्ट बांधून ठेवल्याने आधार वाटतो हे खरे, पण पट्टा स्नायूंचे काम करतो, स्नायूंना काम शिकवत नाही.

आता मोठ्या नावांकडे येते, कारण कौतुकाच्या प्रत्येक मजकुरात ती येतात. मेरी कोम यांना २००७ मध्ये जुळी मुले झाली आणि २००८ मध्ये त्या पुन्हा जगज्जेत्या झाल्या, हे आपण सर्व अभिमानाने सांगतो. त्या काळात मुलांना घरी त्यांच्या पतीने सांभाळले, हे त्याच दमात सांगत नाही. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांना जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली, हे उदाहरण धावपटूंच्या तोंडपाठ असते. पण मधल्या महिन्यांत त्यांच्या कमरेखालच्या हाडाला ताणामुळे सूक्ष्म भेग पडून सराव थांबवावा लागला होता, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. अंगावर पाजण्याच्या काळात आईच्या हाडांतील कॅल्शियम काही प्रमाणात कमी होते, दूध तोडल्यावर ते भरून निघते. त्या काळात किलोमीटर एकदम वाढवले तर हाड तक्रार करते. जमैकाच्या शेली-अॅन फ्रेझर-प्राइस ऑगस्ट २०१७ मध्ये शस्त्रक्रियेने आई झाल्या आणि दोहा येथे २०१९ मध्ये १०.७१ सेकंदांत शंभर मीटर धावून पुन्हा विश्वविजेत्या ठरल्या. जगातील सर्वांत वेगवान बाईने, सर्व सोयी, प्रशिक्षक आणि वैद्यकीय पथक हाताशी असताना, शिखरावर परतायला दोन वर्षे घेतली. आमच्या शहरातील मुलीला आपण दहा आठवडे देतो.

आणि ही मुलगी काही केवळ हौशी धावपटू नसते. पहाटे नागपूरच्या कोणत्याही मोठ्या मैदानावर जाऊन पाहावे, निम्म्याहून अधिक मुली पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दिसतात. महिला उमेदवारांना आठशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि चार किलोचा गोळा फेकणे अशी मैदानी चाचणी द्यावी लागते. शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी २८ आणि मागास प्रवर्गासाठी ३३ वर्षे आहे. म्हणजे लग्न, पहिले बाळंतपण आणि भरती ही तिन्ही एकाच सात-आठ वर्षांत कोंबलेली असतात. गेल्या हिवाळ्यात अशी एक मुलगी मला भेटली. चार महिन्यांचे बाळ तिची आई मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली मांडीवर घेऊन बसायची आणि ही दोन फेऱ्या मारून, ओढणी अंगावर घेऊन, झाडाला टेकून पाजायची. सराव घेणाऱ्या सरांना तिने ‘पोटात दुखते’ एवढेच सांगितले होते. मला तिने जे सांगितले ते मी वर माझ्याविषयी लिहिलेच आहे. फिजिओथेरपिस्टची एका वेळची फी मला सातशे रुपये पडत होती. ते पैसे तिच्याकडे नव्हते. तिचे बाळंतपण शासकीय रुग्णालयात झाले होते.

माझे या पत्राचे कारण खरे तर इथे आहे. शासकीय यंत्रणा बाळंतिणीला विसरते असे मी म्हणत नाही. आशाताई रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस द्यायच्या असतात. पण बेचाळिसाव्या दिवशी भेटी संपतात, खासगीतही सहाव्या आठवड्यात फाइल बंद होते, आणि आमचा सव्वा महिनाही त्याच सुमारास उठतो. तिन्ही दरवाजे एकाच आठवड्यात बंद होतात, आणि नेमके तेव्हाच ती बाई ओझी उचलू लागते, दुचाकीला किक मारू लागते, धावू लागते. आपल्या शहरात गांधीबागेतील डागा शासकीय स्त्री रुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, मिहानला एम्स आहे. मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचे शिक्षणही दिले जाते. तपासणारे हात आणि तपासून घेणारी बाई एकाच शहरात आहेत, त्यांची गाठ तेवढी घालायची आहे. प्रसूती विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवावा, सहाव्या आठवड्याच्या कागदावर ‘लघवी सुटते का, ओटीपोट जड वाटते का, कोणता खेळ किंवा कोणते अंगमेहनतीचे काम करता’ असे तीन प्रश्न छापावेत, आणि ज्यांना गरज आहे त्यांना तिसऱ्या महिन्यात पुन्हा बोलवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. आशाताईंच्या शेवटच्या भेटीत हेच तीन प्रश्न विचारले गेले तर रुग्णालयापर्यंत न येणाऱ्या कामकरी बायकांनाही त्याचा लाभ होईल. वीटभट्टीवरच्या बाईला आठशे मीटर धावायचे नसले तरी तिच्या डोक्यावरचे घमेले धावण्यापेक्षा हलके नसते.

दुसरी विनंती मैदाने चालवणाऱ्यांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिलाभ कायद्यात केली. मैदानावर सरावाला येणारी खेळाडू कोणाचीच कर्मचारी नसल्याने तिला त्याचा उपयोग नाही. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी एक पंखा, एक खुर्ची आणि आतून कडी असलेले दार, एवढी खोली मिळाली तरी कडुनिंबाखालची ओढणी वाचेल. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिम्पिक ग्रामात खेळाडूंच्या बाळांसाठी प्रथमच अशी जागा ठेवली गेली, आणि त्यामागे अमेरिकेच्या धावपटू अॅलिसन फेलिक्स होत्या. गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढल्याने बत्तिसाव्या आठवड्यात त्यांची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली होती. शहरातील दौडींच्या आयोजकांनी आणखी एक गोष्ट करावी. लंडन मॅरेथॉनने २०२२ पासून गर्भवती आणि नुकत्याच प्रसूत झालेल्या स्पर्धकांना आपला प्रवेश पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. आपल्याकडे शुल्क भरले की ते बुडते, आणि पैसे बुडू नयेत म्हणून दहाव्या आठवड्यात धावणारी बाई मी पाहिलेली आहे. शुल्क पुढच्या वर्षी ग्राह्य धरण्यात आयोजकांचे काय जाते, हे मला कळत नाही.

शेवटची विनंती आपल्याला. पुढच्या वेळी असे छायाचित्र छापाल तेव्हा, त्या ताईंची हरकत नसल्यास, खाली एवढी माहिती द्यावी: बाळ किती महिन्यांचे आहे, धावायला सुरुवात करण्याआधी कोणी तपासले होते, आणि ती धावत असताना बाळ कोणाजवळ होते. छायाचित्रात जागा असेल तर त्या बाळ सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही घ्यावे.

माझ्या शाळेतील मुले आणि पालक आपले दैनिक वाचतात, म्हणून माझे नाव छापू नये. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. कापायचेच झाले तर माझी धावण्याची हकीकत कापावी, सहाव्या आठवड्याच्या कागदावरचे ते तीन प्रश्न मात्र ठेवावेत.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका,
नागपूर